चाळीस सेकंद चालतील

प्रवासी विमान जमिनीवर बसून उडवता येतं का? येतं. हिंजवडीतल्या सातव्या मजल्यावरून आम्ही उडवतच होतो. दीडशे खुर्च्या रिकाम्या, आत फक्त दोन वैमानिक, कॅप्टन हेमा आणि तिचा जोडीदार रणजित, दोघांचे हात मांडीवर. विमान अडीचशे किलोमीटरवरच्या एका धावपट्टीकडे निघालेलं आणि ताबा आमच्या अवधूतकडे. कोणी विचारत नव्हतं ते एवढंच, की वैमानिकाला विमान परत हवं झालं तर ते किती वेळात मिळतं?

आमची रचना अशी, की वैमानिकाने ताबा मागितला तरी जमिनीवरून होकार गेल्याशिवाय तो मिळत नाही. अपहरणकर्ता कॉकपिटमध्ये घुसला तर काय, म्हणून ही सोय. संपर्कच तुटला, तर विमान शेवटचा हुकूम धरून चालत राहतं, ठरलेली मुदत वाट बघतं आणि मग वैमानिकाच्या हाती येतं. ती मुदत होती चाळीस सेकंद. तपासणी माझ्याकडे. मी ती दोन करायला सांगितली होती.

निदान माझी तशी समजूत होती.

अकरा वाजता प्रोजेक्टप्रमुख आमोद प्रात्यक्षिक बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर कागद वाचायला लागला. "पाचशे फुटांवर चाचणीसाठी संपर्क आपोआप तुटेल. साठ सेकंद. चाळीस सेकंदांनी ताबा वैमानिकांकडे जाईल. तपासणी, अनंत."

मी तेजसला बाजूला ओढलं. तेजस यवतमाळचा, पुण्यात येऊन आठ महिने झालेले. मीटिंगची टिपणं तोच काढायचा.

"चाळीस कुठून आले रे?"

"तुम्हीच तं म्हटलं ना, सर. आमोदसरांनी विचारलं, चाळीस चालतील का. तुम्ही म्हटलं, चालतील की, न चालायला काय झालं."

"आणि पुढे काय म्हणालो?"

"खाली जमीन आहेच, थांबेल आपोआप." मग तो हळूच म्हणाला, "मले वाटलं ते टेक्निकल असन."

त्या पोराचा काय दोष? आमच्या कोथरूडात नाही म्हणायचं असलं की 'हो, करा की' म्हणतात, आणि समोरच्याला कळलं नाही तर तोच मूर्ख. टोमणा मारून मी खूश होऊन घरी गेलो होतो. तेजसने तो मंजुरी म्हणून लिहिला. पण त्या टिपणावर सही आमोदची होती, आणि आमोद पुण्यातच वाढलेला. त्याला टोमणा शंभर टक्के कळला होता. कळूनही त्याने सही ठोकली, कारण बदल करायचा तर आजची तारीख हुकली असती.

पडद्यावर उंची दोन हजार फूट.

"आमोद, थांबवा हे. पाचशे फुटांवरून चाळीस सेकंद म्हणजे चाकं जमिनीला, आणि ताबा कोणाकडेच नाही."

"अनंतराव, पाहुणे आहेत." त्याचं हसू जागचं हललं नाही. "नंतर बोलू."

"नंतर कोणाशी? हेमाशी?"

"कागदावर तुमचं नाव आहे. जरा विचार करा."

केला. तोवर विमान एक हजार सहाशे फुटांवर आलं होतं. मी अवधूतच्या टेबलावरचा माइक उचलला.

"कॅप्टन हेमा, मी अनंत. ताबा मागा. आत्ता."

"काय झालं?"

"संपर्क तुटल्यावर चाळीस सेकंद विमान तुमचं नसणार."

"आम्हाला दोन सांगितलेत!"

"चुकीचं सांगितलंय. मागा."

अकराशे. अवधूतच्या पडद्यावर लाल चौकोन उगवला: ताबा मागितला आहे. खाली होकाराचं बटण. अवधूत आमोदकडे बघायला लागला.

"अवधूत, हात लावायचा नाही," आमोद म्हणाला.

"दाब की रे!"

"सर, मला लेखी..."

"तिकडे दोन माणसं आहेत, आणि तुला लेखी हवंय?"

आठशे. सातशे. अवधूतचा घाम हनुवटीवरून कीबोर्डवर टपकत होता. बटण काही दाबेना. मी त्याच्या खुर्चीला लाथ घातली. चाकांची खुर्ची, अवधूतसकट भिंतीला जाऊन आदळली. कोणीतरी किंचाळलं. मी बटण दाबलं.

पाचशे वीस. होकार उपग्रहावरून जायला दोन सेकंद लागतात. पाचशे.

सगळे पडदे काळे झाले.

होकार पोचला की वाटेतच कापला गेला, सांगायला काहीच नव्हतं. भिंतीवर फक्त संपर्काचे सेकंद मोजणारं घड्याळ. दहा. वीस. आमोद पुटपुटला, "तुमची नोकरी गेली." तिसाव्या सेकंदाला पाहुण्यांपैकी एक बाई उठून उभ्या राहिल्या. चाळीस. पन्नास. तेजस भिंतीकडे तोंड करून उभा होता.

साठ. पडदा उजळला. उंची शून्य. वेग शून्य.

विमान अख्खं होतं.

आमोदला सावरायला एवढंच पुरलं. तो पाहुण्यांकडे वळला. "पाहिलंत? संपर्क नसताना उतरलं!" आणि त्या लोकांनी खरंच टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या कोण वाजवतंय तिकडे?" स्पीकरवर हेमाचा आवाज फाटत होता. "होकार शेवटच्या क्षणी पोचला, म्हणून विमान मी उतरवलंय. माझ्या हातांनी."

टाळ्या विरल्या.

"ते चाळीस सेकंद कोणी मंजूर केले? नाव सांगा मला."

आमोदने माझ्याकडे बघितलं. अवधूतने जमिनीकडे.

मी माइक ओढून घेतला. "तोंडाने मी. सही आमोदची. संध्याकाळी या, दोघेही इथेच आहोत."