डुगडुगता गोळा

दोन हजार अठरा साली मी सहासष्ट वर्षांची होते, आणि त्या वर्षी बुधवार माझे होते. डोंबिवलीच्या शाळेतून निवृत्त झालेली, नवरा जाऊन बराच काळ लोटलेला. मुलगा प्रफुल्ल म्हणाला, "आई, काहीतरी छंद लाव." मग मी दर बुधवारी टिटवाळ्याला तुळसाकडे मातीकाम शिकायला जाऊ लागले.

तुळसा माझ्याहून थोडी लहान. लग्न केलेलं नव्हतं. ज्या कपबशांच्या कारखान्यात तिची उमेदीची वर्षं गेली तो बंद पडल्यावर तिने भावाच्या जागेत पत्र्याची शेड घातली, विजेचं चाक आणि भट्टी आणली. चाक एकच.

चाकावर पहिली गोष्ट म्हणजे गोळा मध्यावर आणणं. तो जरा बाजूला असला तरी डुगडुगतो आणि वर काही चढत नाही. जिला जमत नसे तिच्या मागे तुळसा स्टूल ओढून बसायची, तिच्या हातांवर आपले हात ठेवून दाबायची. जिला जमलं तिची रवानगी पडवीतल्या टेबलावर, हाताने भांडी घडवायला; चाक पुढचीला.

तिचे हात रुंद, ओले, गार. हनुवटी माझ्या खांद्याशी. "श्वास सोड गो बाई," म्हणायची. मी शाळेतली म्हणून तीही मला बाईच म्हणे. माझ्याने श्वास सोडवत नसे.

बायकांविषयी मला असं वाटतं हे मला कॉलेजपासून ठाऊक होतं. कोणाला सांगितलं नव्हतं. त्याच सप्टेंबरात, असं प्रेम गुन्हा नाही, असा कोर्टाचा निकाल आला. टीव्हीवर पोरंपोरी रंगीत झेंडे घेऊन एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. प्रफुल्ल म्हणाला, "आई, चॅनल बदल ना." मी म्हटलं, रिमोट सापडत नाही. तो माझ्या मांडीखाली होता.

दिवाळीच्या सुमारास मला जमलं. हातांखाली गोळा एकाएकी शांत झाला, फिरतोय हेसुद्धा कळेना. मी घाबरले. कोपर सैल सोडलं आणि त्याला पुन्हा डुगडुगू दिलं. पुढे दर बुधवारी तेच.

"काकू, तुमचा गोळा अजून डिस्को करतोय!" ठाण्याच्या खोपटहून शिकायला येणारी मेघना हसायची. "माझा मगांचा सेट झाला, तुम्ही अजून पहिलीत!"

"पहिलीतच बरं आहे," मी म्हणे.

जानेवारीत एकदा मी लवकर पोचले. शेडमध्ये कोणी नव्हतं. चाकावर बसले आणि मन लावून एक वाडगा चढवला. मान वर केली तर तुळसा दारात.

तिने तार घेतली आणि वाडगा मधोमध कापला. भिंतीची जाडी बघायला ती सगळ्यांचीच भांडी अशी कापे. भिंत वरपासून खालपर्यंत एकसारखी होती.

"कवापासना येतंय?"

"दिवाळीपासून."

"आणि मना सांगायचा नाय?"

"सांगितलं असतं तर टेबलावर बसवलं असतंस."

तिने कापलेला वाडगा दाबून पुन्हा मातीत टाकला. मग म्हणाली, "उठ."

संपलं सगळं, असं वाटून मी उठले, पिशवी शोधू लागले. ती माझ्या जागी बसली. एक गोळा घेऊन मुद्दाम चाकाच्या कडेला आपटला आणि चाक सुरू केलं. गोळा वेड्यासारखा नाचू लागला.

"मना येत नाय," माझ्याकडे न बघता ती म्हणाली. "धर ना, दर्शना."

मी स्टूल ओढलं.

मेघना आली तेव्हा आमचे हात तसेच होते. "अरे वा! आज मॅडमचाच डिस्को?" ती म्हणाली. आम्ही हात काढले नाहीत.

असं वर्षभर चाललं. मग ती जागा बिल्डरला गेली, शेड पडली.

मेघनाने ठाण्यात स्वतःचं चाक घेतलं. तिचे मग ऑनलाइन विकले जातात. प्रफुल्लने घोडबंदर रोडला फ्लॅट घेतला, मी त्याच्याकडे असते. त्याला अजून सांगितलेलं नाही. सुनेला कळलं असावं, कारण तुळसाचा फोन आला की ती माझ्या खोलीचं दार हळूच ओढून घेते.

तुळसा त्याच जागेवरच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, पुतण्या सुदेशकडे राहते. घर चांगलं आहे, माणसं चांगली आहेत. पण माती नाही, तर हात धरायला निमित्त नाही. गेल्या महिन्यात गेले होते. आम्ही सोफ्याच्या दोन टोकांना बसलो, मध्ये सुदेशची बायको पोह्यांचा आग्रह करत. निघताना लिफ्टपाशी तुळसाने माझी पिशवी माझ्या हातात दिली, पण बंद आपल्या मुठीतून सोडले नाहीत. मीही ओढले नाहीत. लिफ्ट आली आणि परत गेली.