गृहीत उत्तर

एन्टरच्या बटणावरचा बाण पार पुसून गेला होता. बाकीची बटणं तशी नवीच, कडा अजून खरखरीत, आणि हे एकच असं गुळगुळीत, मधोमध किंचित खोलगट, तेलकट चमकणारं... चाचणीच्या या संगणकावर कोणी ना कोणी सारखं नव्याने प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, चढवून बघायचं. पडदा एकामागून एक प्रश्न विचारायचा — भाषा कोणती, घड्याळ कुठल्या वेळेचं, यंत्राला नाव काय द्यायचं — आणि माणसं न वाचता एन्टर मारत पुढे जायची. कारण प्रत्येक प्रश्नाखाली एक उत्तर आधीच भरलेलं असे. गृहीत उत्तर. हा शब्द त्यानेच ऑफिसात रुळवला होता आणि त्याचा त्याला उगाच अभिमानही होता. आज सकाळपासून मात्र तोच शब्द त्याला टोचत होता.

सकाळी बायकोचा मेसेज आला होता. ती दुसऱ्या शहरात पुलाचं बांधकाम बघते. वर्षभरासाठी म्हणून गेली, येत्या महिन्यात परतणार होती. ‘काम आणखी दोन वर्षं चालणार आहे. मी हो कळवलं. तुझी हरकत नसणार हे गृहीत धरलंय. संध्याकाळी फोन करते.’

हरकत नव्हतीच. म्हणजे — हरकत म्हणता येईल असं काही नव्हतं. कपाटाची तिची बाजू बंद असायची, तो पलंगाच्या आपल्याच कडेला झोपायचा, आणि ती आली की दार उघडताना पहिलं वाक्य कोणतं बोलायचं, हे मनाशी ठरवून ठेवलेलं होतं. एवढंच. एवढ्याला कोणी हरकत म्हणत नाही.

ऑफिसात आज वेगळंच काही ठरवायचं होतं. एका मोठ्या रुग्णालयात प्रणाली बसवायची होती, खोल्याखोल्यांतून संगणक, आणि प्रत्येकासमोर माणूस बसून उत्तरं देणार नाही हे उघड होतं. म्हणून उत्तरं एकदाच स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवायची आणि यंत्रांनी ती वाचून आपलं आपण मार्गी लागायचं. कोणते प्रश्न स्क्रिप्टवर सोपवायचे, हे त्याने सांगायचं होतं. भाषा, घड्याळ, नाव, पासवर्ड — सगळं जेवायच्या सुट्टीआधीच मान्य झालं. गाडी अडली ती एकाच ठिकाणी: डिस्कवर आधीचं जे काही आहे ते पुसायचं का?

चाचणीचा प्रमुख, ज्याला सगळे घाईसाहेब म्हणत आणि ज्याचं खरं नाव हजेरीपुरतंच उरलं होतं, खुर्चीत न बसताच बोलत होता. त्याचं म्हणणं सोपं होतं. नवीन चढवायचं म्हणजे जुनं पुसायचंच. स्क्रिप्टमध्ये त्याबद्दल काही लिहिलं नसलं, तरी पुसून मोकळं व्हायचं.

“गप्प बसला म्हणजे हो,” घाईसाहेब म्हणाला.

“गप्प बसला म्हणजे गप्प बसला.” त्याचा आवाज चढलाच. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मान वळवून पाहिलं. मग सावरून त्याने नीट सांगितलं: पुसा असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर खुशाल पुसावं. लिहिलेलं नसेल तर थांबावं आणि विचारावं. घाईसाहेब कुरकुरला, की मग सगळी यंत्रं आ वासून बसून राहतील. बसू देत, तो म्हणाला.

त्याचंच म्हणणं कायम झालं, आणि थोडा वेळ त्याला फार बरं वाटलं, आपल्या बाजूने कोणीतरी भांडून गेल्यासारखं. बघ, असं असतं, तो मनातल्या मनात बायकोला म्हणाला. न लिहिलेलं धरून चालायचं नसतं. विचारायचं असतं...

पण मी लिहिलं नव्हतं का? सुरुवातीला ती सगळं विचारायची — पडदे निळे घेऊ का, भावाला बोलावू का, मीठ बरोबर आहे का — आणि मी संगणकावरची नजर न काढता म्हणायचो, तुला योग्य वाटेल ते. चांगुलपणाच वाटायचा तो मला. मग ती करता करता विचारू लागली, मग करून सांगू लागली. वर्षानुवर्षं एकच वाक्य, अक्षराचाही फरक नाही. तिने कुठे काय गृहीत धरलं? मी लिहून ठेवलेलं तिने फक्त वाचलं... आणि तरीही तिने विचारायला हवं होतं. दोन्ही खरं होतं, आणि दोन्हींचा सारखाच त्रास होत होता.

फोन आला तेव्हा तो जिन्यात जाऊन उभा राहिला. ती खांबांबद्दल बोलली, चढलेल्या पाण्याबद्दल, नव्या खोलीबद्दल. मेसेजबद्दल नाही. तो विषय तिच्या लेखी मिटला होता.

“ते दोन वर्षांचं,” तो मध्येच म्हणाला, “मला विचार ना.”

“आता काय विचारू? कळवलंय रे मी.”

“माहितीये. तरी विचार.”

ती हसेल असं त्याला वाटलं. ती हसली नाही. तिच्या बाजूला कुठलंसं यंत्र घरघरत होतं, ते थांबलं. मग फार दिवसांत न ऐकलेल्या, जरा घाबरलेल्या आवाजात तिने विचारलं, “राहू का मी इथे?”

‘तुला योग्य वाटेल ते’ सवयीने ओठांपर्यंत आलं. त्याने ते अडवलं, आणि त्याच्यामागे दुसरं काही तयार असेल म्हणून पाहिलं, तर काहीच नव्हतं. ये म्हणावंसं वाटत होतं. राहा म्हणावंसंही वाटत होतं, तिचा तो पूल तिच्याच हातून पुरा व्हावा असंही, अगदी मनापासून.

“थांब,” तो म्हणाला, “विचार करतोय.”

“थांबलेय.”

तिचा श्वास ऐकू येत होता. तो काय म्हणेल हे तिला ठाऊक नव्हतं, आणि तरी ती घाई करत नव्हती. आणि ती त्याला हवी होती, इथे, आत्ता, या जिन्यात, इतकी, की त्याला पायरीवर बसावं लागलं.