वहीत लिहिलेली दुरुस्ती

बासष्ट साली कानडी मुलखात, चामराजपेठेतल्या मराठी मंडळींनी नाटकाचा वर्ग काढला आणि शिकवायला पुण्याहून सयाजीराव आले. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांच्या बोलण्याला हात घातला.

"'स्वल्प थांबा' नाही, 'जरा थांबा'! तुमच्या मराठीला सांबाराचा वास येतो हो."

सगळे हसले, विमलाही हसली. पण घरी आल्यावर तिनं ती दुरुस्ती वहीत लिहून ठेवली. मग रोजच लिहू लागली. नायिकेचं काम तिला मिळालं होतं, आणि वडिलांनी कधी नव्हे ती परवानगी दिली होती.

पंधरा दिवसांनी सयाजीराव तिला तालमीनंतर मागे थांबवू लागले. श्वास पोटातून घ्यायचा असतो, असं सांगून ते तिच्या कमरेवर हात ठेवत. एकदा म्हणाले, "मला अण्णा काय म्हणतेस? नुसतं सयाजी म्हण. आणि रविवारी खोलीवर ये, प्रवेश पक्का करू. यायचं नसेल तर तुझ्या कामाला वर्गातली कावेरी आहेच."

विमलानं तेही वहीत लिहिलं : अण्णा नको, सयाजी. पुण्याकडे तशीच रीत असेल. कमरेवरच्या हाताचं मात्र काय लिहावं, ते तिला सुचेना.

शनिवारी तालमीला जाताना तिनं वही कावेरीला दाखवली. "ही दुरुस्ती तुझ्याकडे आहे काय गं?"

"इश्श! परवाच मी अण्णा म्हटलं तर खूश झाले की."

विमला रस्त्यातच थांबली. म्हणजे चूक तिच्या मराठीत नव्हती.

तालीम सुरू व्हायच्या आधी ती वही उघडून उभी राहिली.

"अण्णा, एक विचारू? तुम्हाला सगळ्यांनीच नावानं हाक मारायची, का मी एकटीनंच?"

"कोण म्हणालं असं?"

"तुम्हीच. परवा, सगळे गेल्यावर. आणि उद्या खोलीवर पण मी एकटीनंच यायचं?"

सयाजीराव हसले. "अगं, चेष्टा केली मी."

"मग खोडू?"

त्यांचं हसू मावळलं. "जिला चेष्टा कळत नाही तिला नाटक काय कळणार? आजपासून हे काम कावेरी करील."

कावेरी खाली मान घालून बसून राहिली. विमलानं वही मिटली आणि चपला शोधू लागली.

कोपऱ्यात शेषगिरीमामा संहिता घेऊन बसले होते. वीस वर्षं ते पडद्याआडून दुसऱ्यांना वाक्यं पुरवत आले होते. स्वतःचं असं वाक्य त्यांच्या तोंडून कुणी फारसं ऐकलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"दुसरा प्रवेश," ते हळूच म्हणाले. "पहिलं वाक्य विमलाचं. ते मी दुसऱ्या कुणाला पुरवणार नाही. आणि यापुढे तालीम संपली की दिवे मी मालवीन, सगळे बाहेर पडल्यावर."

सयाजीरावांनी एकेकाकडे पाहिलं. कुणीच नजर वळवली नाही. ते खुर्चीत बसले.

विमलानं चपला तिथंच ठेवल्या आणि वाक्य म्हटलं. रविवारी ती घरीच होती.