काळ्या अक्षरांचा हट्ट

"रंगीत अक्षरं पोरासोरांना लागतात. स्क्रिप्ट लिहायची तर साध्या नोटपॅडमध्ये!" अमरावतीतल्या माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मी हे अकरा वर्षं ठणकावत आलो. वर्षालीनं ते मनावर घेतलं, एवढीच तिची चूक.

ती भातकुलीची. बाबा ओमप्रकाश झेंडू लावतात. उद्या फुलं हवीत की नकोत, हे ती संध्याकाळी अडत्याला विचारायची. मग तिची स्क्रिप्ट गावातल्या तीस घरांना मेसेज धाडायची: तोडा, किंवा तोडू नका. चाचणीपुरती 'तोडू नका'ची ओळ तिनं पुढे # टाकून बंद केली आणि तो # तसाच राहिला. स्क्रिप्ट तपासायला माझ्याकडेच आणली होती. मी घाईत वरवर पाहिलं आणि म्हणालो, "चालव बिनधास्त."

सोमवारी अडत्याला माल नको होता. पण 'तोडू नका' बंद असल्यानं आदल्या संध्याकाळी तीसही घरांना नेहमीचं 'तोडा'च गेलं.

मंगळवारी ती लॅपटॉप घेऊन आली. डोळे सुजलेले.

"गावानं आजचा एकच चान्स देल्ला सर. पुन्हा चुकलं तर माह्या मेसेजवर कोणी फूल तोडणार नाही. हे स्क्रिप्ट लिहायचे दोन फुकटचे एडिटर उतरवले. यात बंद ओळ हिरवी दिसते अन् मेसेज लाल. त्यात रंग फिके आहेत. कोणता घेऊ?"

मी वाकून पाहिलं. मला दोन्हीकडे सगळं सारखंच मातकट दिसत होतं. काहीतरी नाव ठोकून देता आलं असतं. बाविसाव्या वर्षी रेल्वेच्या मेडिकलमध्ये याच डोळ्यांनी मला घरी पाठवलं, ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही. पण तिच्या सुजलेल्या डोळ्यांपुढे खोटं बोलवेना.

"मला लाल-हिरवं वेगळं दिसत नाही, वर्षाली. म्हणून नोटपॅडचा हट्ट."

"मंग तसं सांगाचं ना सर! बाबा काल पहाटे पाचपासून तोडून राहिले होते. ढीग अजून आंगणात सडून राहिला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती बराच वेळ पहिल्या एडिटरच्या सेटिंगमध्ये खुडबुड करत राहिली. मग स्क्रीन माझ्याकडे वळवली.

"बंद ओळ तिरपी केली. आता दिसते तुमाले?"

दिसली. एकदम स्पष्ट. इतकं हायसं वाटलं की तिची स्क्रिप्ट तपासायला मी सवयीनं लॅपटॉप पुढे ओढला.

तिनं तो हळूच मागे घेतला.

"हा एडिटर तुमच्या कॉम्प्युटरवर टाकून देते सर. पण माही स्क्रिप्ट आता मीच तपासीन."