झाडांसारखी माणसे

"किती बोटं आहेत, आजी?" डॉक्टरांनी विचारले.

ऑपरेटरबाईंनी बोटांकडे पाहिलेच नाही. डोळ्यावरची पट्टी नुकतीच निघाली होती आणि त्या डॉक्टरांच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या.

"अहो, तुम्ही तर अगदीच पोरगेले आहात," त्या म्हणाल्या. "आवाजावरून मी तुम्हाला पन्नाशीचे धरून चालले होते. आधी कळलं असतं, तर डोळ्याला हात लावू दिला नसता."

डॉक्टर हसले, नर्स हसली, दाराशी उभा असलेला बाईंचा लेकही हसला. बोटे तीन होती. ती बाईंनी बरोबर सांगितली, वर एका बोटाला शाई लागल्याचेही सांगितले.

बसमधून घरी येताना त्या खिडकीशी बसल्या आणि रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचू लागल्या. चष्म्याचे दुकान, दातांचा दवाखाना, येथे गाड्या लावू नयेत. पुढच्या बाकावरचा माणूस मागे वळून पाहू लागला, तेव्हा लेकाने हळूच त्यांचा हात दाबला. पण त्या कुठल्या ऐकतात! आभाळ एवढे निळे असते हे त्या विसरूनच गेल्या होत्या. डोळ्यांपुढची काच इतकी हळूहळू मळत गेली होती की जगच मळकट झाले आहे, अशी त्यांनी समजूत करून घेतली होती.

त्यांना सगळे ऑपरेटरबाई म्हणत, कारण उभे आयुष्य त्यांनी एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर काढले होते. खोली तळघरात, बिनखिडकीची. तिथे बसून, नुसत्या 'हॅलो'वरून त्यांना कळायचे की पलीकडच्या माणसाला बाळ झाले आहे, की त्याचे कुणी गेले आहे. माणूस म्हणजे त्याचा आवाज, हे त्यांच्या अंगात मुरले होते. पुढे निवृत्त झाल्या, नवरा गेला, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत गेले. पण आपल्याला दिसत नाही याचा त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. पावलांवरून माणूस ओळखायच्या. कुणी विचारलेच, तर "मला सगळं लख्ख दिसतं" म्हणून मोकळ्या व्हायच्या. रविवारी चर्चच्या उपासनेत शास्त्रपाठ वाचायची पाळी आली की पाठ असलेला भाग धडाधड म्हणायच्या आणि पान मात्र अगदी वेळेवर उलटायच्या.

सून घरात आली ती अबोल. विचारले तेवढेच सांगायची, तेही खालच्या आवाजात. रात्रीच्या जेवणाला बसले की बाई बोर्डावरचे किस्से रंगवून सांगत. लेक पोट धरून हसायचा. सुनेच्या बाजूने हूं की चूं नाही. बाईंच्या भाषेत ती लाइन बंद होती. आधी त्यांना वाईट वाटले, मग राग आला, आणि मग जिभेला धार चढली. आमच्या घरात हसायला दाम पडत नाही, असे त्या ताटावरून म्हणायच्या. भिंतीला सांगितलं असतं तर निदान प्रतिध्वनी आला असता, असेही म्हणायच्या. सून ऐकून घ्यायची आणि भांडी उचलायची.

शेवटी लेकाने वेगळे घर पाहिले. सुनेला कामाला जवळ पडेल, असे कारण सांगितले. कारण खोटे नव्हते, पण पुरेसेही नव्हते, आणि ते तिघांनाही ठाऊक होते. त्यातच बाईंनी एके सकाळी चहा कपाऐवजी टेबलावर ओतला आणि त्यांचे बिंग फुटले. हे आत्ता महिनाभरातलेच आहे, असे मात्र त्यांनी ठासून सांगितले. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ सुनेनेच घेतली. आता शनिवारी टेम्पो येणार होता.

घरी आल्या आल्या बाईंनी सगळ्या खोल्या पालथ्या घातल्या. पडदे राखाडी नव्हते, हिरवे होते. ज्या स्वयंपाकघराच्या टापटिपीबद्दल त्या शेजाऱ्यांना ऐकवत आल्या होत्या, तिथे कोपऱ्यात कोळ्याने ऐसपैस संसार थाटला होता. त्यांना हसू आवरेना. लेक कामावर गेला, तशी त्यांनी कपाटातून पवित्र शास्त्र, आपले बायबल, काढले आणि खिडकीशी बसून उघडले. ठळक अक्षरे एकामागून एक उभी राहिली. पाठ म्हणणे वेगळे आणि वाचणे वेगळे. कधी काळी ओलांडून गेलेले शब्द आता वाटेत हटकत होते.

त्या शुभवर्तमानातल्या आंधळ्याच्या गोष्टीपाशी आल्या. प्रभूने त्याला गावाबाहेर नेले, डोळ्यांवर हात ठेवला आणि काही दिसते का म्हणून विचारले. माणसे दिसतात, पण चालत्या झाडांसारखी, असे तो म्हणाला. मग प्रभूने पुन्हा हात ठेवला आणि त्याला स्वच्छ दिसू लागले. तरुणपणी बाईंना ही गोष्ट खटकायची. प्रभूला दोनदा हात का लावावा लागला? आज त्या दुसऱ्याच ठिकाणी अडल्या. त्या माणसाने खरे सांगितले होते. 'दिसतंय, दिसतंय' म्हणून तो घरी निघून गेला असता, तर जन्मभर झाडांतच वावरला असता.

त्यांनी पुस्तक मांडीवर ठेवले. मुलांना थांबवू की जाऊ देऊ, मला एकदा स्पष्ट दाखव, अशी त्यांची कित्येक दिवसांची प्रार्थना होती. उत्तर येत नव्हते. आज मात्र, कुणीतरी फोन उचलला आहे आणि अजून बोललेले नाही, असे त्यांना सारखे वाटत राहिले.

संध्याकाळी सून कामावरून आली. हात स्वच्छ धुऊन, डोळ्यात घालायच्या थेंबांची बाटली घेऊन ती बाईंपाशी आली. खिडकीतून तिरपे ऊन येत होते. बाईंनी मान मागे टाकली, पण तोंड बंद ठेवणे त्यांच्या स्वभावातच नव्हते. पोरगेल्या डॉक्टरांचा किस्सा त्यांनी तिखटमीठ लावून सांगितला. सुनेचा चेहरा त्यांच्या चेहऱ्यावर वाकलेला होता. आणि बाईंनी पाहिले.

सुनेचे ओठ घट्ट मिटले होते, गाल वर चढले होते, डोळे बारीक होऊन त्यांत पाणी आले होते. खांदे गदगदत होते. आवाज मात्र टिपूसभरही नव्हता.

"तू हसतेयस?" बाईंनी विचारले.

सुनेने मान हलवून हो म्हटले.

"अशी हसतेस तू?"

"लहानपणापासून अशीच," सून म्हणाली. तिचे वडील रात्रपाळीला असायचे. एकच खोली, दिवसा ते झोपलेले. आवाज झाला की त्यांची झोप मोडायची, म्हणून सगळी भावंडे अशीच हसायला शिकली होती. भावाच्या लग्नातसुद्धा सगळे अंग घुसळत बसले होते आणि पाहुण्यांना वाटले, कुणाला घास लागला.

बाई उठून ताठ बसल्या. "मग माझे किस्से?"

"सगळ्यांना हसते. तो शवागारातल्या कारकुनाचा तर दर वेळी."

एका डॉक्टरांच्या आईचा फोन एकदा चुकून शवागारात जोडला गेला होता. तिथल्या एकट्या कारकुनाने 'हो आई, जेवलो, नीट चावून जेवलो' असे सांगितले, आणि पुढे महिनाभर ती माउली रोज त्यालाच फोन करत राहिली. लेक या किस्स्याला टाळ्या देऊन हसायचा. त्याच्या शेजारी, हाताच्या अंतरावर, ही अशी गदगदत बसलेली असायची.

"मग मी एवढी टाकून बोलायचे, तेव्हा सांगायचं नाही का?"

सून बाटलीचे झाकण फिरवत राहिली. "मला वाटायचं, तुम्हाला दिसतंय," ती म्हणाली. "मी हसताना दिसते, तरी तुम्ही तसं बोलता. म्हणजे मग मीच नको आहे."

बाईंनी सुनेचे मनगट धरले आणि त्या म्हणाल्या, "मला दिसत नव्हतं गं. कितीतरी वर्षं दिसत नव्हतं. सगळ्यांना खोटं सांगत होते."

सून खाली बसली. तिने बाईंच्या गुडघ्यावर डोके टेकले, आणि ती हसते आहे की रडते आहे हे पाहायला बाईंना या खेपेला तिचा चेहरा वर उचलावा लागला. दोन्ही चालले होते.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, पहाटेच बाई उठल्या. त्यांचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. सगळे खोके उघडा, सामान परत लावा, कुणी कुठे जायचे नाही, असे सांगायचे त्यांनी पक्के केले होते. त्या मुलांच्या खोलीच्या दाराशी गेल्या. दार उघडे होते. सून एकटी खिडकीपाशी उभी होती आणि नव्या घराच्या पडद्यांसाठी आणलेले पिवळे कापड उजेडाकडे धरून बघत होती. ते खिडकीत कसे दिसेल याचा अंदाज घेत ती स्वतःशीच हसली. समोर कुणी नव्हते, किस्साही नव्हता.

बाई दारातच थांबल्या. देवाचे वचन पावलांसाठी दिवा आहे, हे स्तोत्र त्या पोरवयापासून म्हणत आल्या होत्या. दिव्याचा उजेड पुढच्या पावलापुरता असतो, असे पाळक सांगत. बाईंना मात्र सगळा रस्ताच उजेडात हवा असायचा. आज त्यांना रस्ता दिसला नाही. तो हसरा चेहरा तेवढा दिसला, आणि पुढचे पाऊल कुठे टाकायचे ते कळले.

"त्याला दुमड कोण घालणार?" त्यांनी विचारले. "आण इकडे."

सुई त्यांनी स्वतः ओवली, पहिल्याच झटक्यात. मग दोरा काढून टाकला आणि लेकाला हाक मारून, त्याच्यासमोर पुन्हा ओवून दाखवली. दुपारपर्यंत पडदे शिवून झाले. टाके सरळ होते, आणि बाई ते प्रत्येकाला दाखवत होत्या.

शनिवारी टेम्पो आला. सामान चढवणाऱ्यांना बाईंनी शवागाराचा किस्सा सांगितला, तोंड मात्र सुनेकडे करून. शेवटी सून पाया पडायला वाकली, तेव्हा त्यांनी तिला वर उचलून तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि नीट पाहून घेतला. डाव्या भुवईजवळ एक बारीक तीळ होता. दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी मी रजा काढणार आहे, असे सून म्हणाली. बाई म्हणाल्या, "ये. पण आधी तुझ्या घरची कामं उरकून ये."

टेम्पो वळणावर दिसेनासा झाल्यावर त्या आत आल्या. मुलांची खोली रिकामी होती. कपाट नव्हते, पलंग नव्हता. खिडकीतले ऊन, वाटेत काहीच नसल्यामुळे, फरशीवरून थेट समोरच्या भिंतीपर्यंत गेले होते. बाई दारात जरा वेळ उभ्या राहिल्या. मग बाहेरची खुर्ची ओढत आत आणली, उन्हात ठेवली, आणि उद्याच्या उपासनेचा पाठ वाचायला घेतला.