हलका हात

"वा! हात किती हलका आहे रे तुझा! सुखी राहा," बाबा म्हणाले, आणि स्वयंपाकघरात माझी सुरी कांद्यावर जरा जास्तच जोरात आपटली.

धाकटा भाऊ त्यांची नखं कापत होता. सुट्टीला येतो, एका हाताची नखं कापतो आणि आशीर्वाद घेऊन जातो. बाकी वर्षभर ती नखं काय उंदीर कुरतडतात?

मी कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना काजं करते. घरी आले की बाबांची अंघोळ, जेवण, औषधं. बाबा पूर्वी बस चालवायचे. आता सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही, मधेच खुर्चीत बसून "दार लावा" म्हणून ओरडतात. विसरणं वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. त्याची मी मनाची तयारी केली होती. धाकट्याचं कौतुक ऐकायची मात्र नव्हती केली.

जेवताना भावजयीने टूम काढली. "ताई, आज सगळे निवांत घरी आहोत ना, तर प्रत्येकाने सांगायचं, कुणाचे आभार मानावेसे वाटतात."

"जेवण गार होतंय," मी म्हटलं.

"मी ताईचे मानतो," भाऊ म्हणाला. "ती आहे म्हणून मी तिकडे निर्धास्त असतो."

तो मनापासून बोलला असेल, पण ते 'निर्धास्त' मला झोंबलं. मलाही कधीतरी निर्धास्त व्हायला आवडलं असतं.

मग बाबांची पाळी आली. बाबा खुशीत होते. "या पोराचे. एवढ्या लांबून आला. सूनबाईंचे. आणि त्या शेजारच्या चष्मेवाल्याचे, रोज पेपर आणून देतो बिचारा."

बिचारा! स्वतः वाचून झालेला पेपर आणून देतो मेला. मी हातात डाव धरून उभी होते. लाज सोडून सांगते, मी वाट बघत होते.

"आणखी कुणाचे, बाबा?" भावजयीने डोळ्यांनी माझ्याकडे खूण करत विचारलं.

बाबांनी बराच विचार केला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "जरा पाणी द्या."

मी पेला असा आदळला की अर्धं पाणी ताटात सांडलं. भाऊ खाली मान घालून जेवत राहिला.

दुपारी ती दोघं आत आडवी झाली. बाहेर रस्ताही सामसूम होता. बाबा खिडकीशी बसून स्वेटरच्या बटणाशी झटापट करत होते. मी तोंड फुगवूनच गेले आणि त्यांच्यापुढे बसून बटणं लावायला लागले.

"फार करता हो बाई तुम्ही," बाबा म्हणाले. "सुट्टीच्या दिवशीसुद्धा आलात. तुमच्या घरचे वाट बघत असतील."

माझी बोटं बटणावरच थांबली.

"मनापासून आभार तुमचे. पण जा आता. आमची थोरली येईलच इतक्यात. कारखान्यातून आली की आधी माझ्या कपाळाला हात लावून बघते, मग चपला काढते. बाकीचे येतात नि जातात हो. मी आहे तो तिच्या जिवावर."

"मग तिला सांगता का कधी हे?" मी विचारलं.

"तिला?" बाबांना हसू आलं. "तिला काय सांगायचं? ती का परकी आहे?"

सकाळपासून ज्याच्यासाठी जीव जळत होता, ते मला तोंडभरून मिळालं होतं. आणि मला त्या थोरलीचा हेवा वाटत होता. एवढा हेवा मला धाकट्याचाही कधी वाटला नव्हता.

"आज उशीर झाला वाटतं तिला," बाबा अस्वस्थ होऊन म्हणाले. "जाता जाता जरा बघता का, दिसतेय का कुठे?"

"बघते हं," मी म्हटलं. राहिलेलं बटण लावलं, दार उघडून उंबऱ्यात उभी राहिले आणि रस्त्याच्या टोकापर्यंत नीट बघितलं.