मंजिष्ठेचा गालिचा

अकगोजेलने परातीतल्या पाण्याकडे पाहिलं. पाणी लालभडक झालं होतं, आणि गालिच्याच्या मधोमध, अष्टकोनी नक्षीत, तळहाताएवढा तुकडा फिका पडला होता.

काल रात्री पुलावाची थाळी उचलताना चरबी सांडली, ती तिच्याच हातून. गालिचा सासूचा, ओगुलनाबातचा, आणि आज नणंदेला पाहायला मुलाकडच्या बायका येणार. म्हणून सासू अंगणात तंदुराला रोट्या लावायला गेली, तशी अकगोजेलने तिची आई करायची तेच केलं. खाऱ्या झुडपांची राख पाण्यात कालवली, निवळी काढली आणि डागावर चोळली. माहेरचे सगळे गालिचे असेच धुतले जात. मंजिष्ठेच्या मुळांचा रंग या पाण्याला दाद देत नाही, हे तिकडे शेंबड्या पोरीलाही ठाऊक. आणि हा गालिचा तर मंजिष्ठेसाठीच गाजलेला. मुर्गाब नदीच्या काठी आपण स्वतः मुळं कशी खणली, हे ओगुलनाबात विचारणाऱ्याला सांगायची आणि न विचारणाऱ्यालाही.

मग रंग गेला कसा? आपलीच राख जास्त झाली असणार. तिने गार पाणी ओतून पाहिलं, आंबट ताक चोळलं, मीठ लावलं. डाग असता तर निघाला असता. इथे रंगच निघून गेला होता, तो धुण्याने कसा परत यायचा?

गेल्या हिवाळ्यात शेजारच्यांनी सून ‘हाताची धड नाही’ म्हणून माहेरी धाडली, ती अजून तिथेच होती. अकगोजेलच्या पाठी दोन बहिणी लग्नाच्या. थोरलीला परत पाठवलं म्हटल्यावर त्यांच्या दारात कोण येणार?

आणि कबूल तरी कसं करायचं? लग्नाला चार महिने झाले होते. ओढणीचं टोक दातांत धरून वावरायचं आणि सासू-सासऱ्यांपुढे चकार शब्द काढायचा नाही. सासू स्वतःच्या हाताने ते टोक सोडवून ‘बोल’ म्हणेल, तेव्हा बोलायचं. तोवर जे काही सांगायचं ते नणंदेच्या कानात. ही रीत ज्याने कोणी काढली, त्याच्या हातून आयुष्यात काही सांडलं नसावं.

“वहिनी, चहाच्या वाट्या कुठे—” म्हणत जेमाल आत आली आणि थबकली. “मेलीस तू.”

“हळू बोल गं. तू सांग ना एजेला, तुझ्या आईला. लेकीला काही करणार नाही ती.”

“आजच्या दिवशी? मला पाहायला येतायत बाई, मी नाही तिच्या तोंडी लागणार. तूच सांग.”

“मला बोलायची मुभा आहे का?”

“मग डोळ्यांनी सांग. एवढे मोठे दिलेत ते कशाला?”

तेवढ्यात दारात गरम रोट्यांचा वास आला. जेमाल वाट्यांचं निमित्त करून सटकली. अकगोजेलने ओढणी दातांत घट्ट धरली.

ओगुलनाबातने रोट्या खाली ठेवल्या. ती गालिच्याजवळ आली, गुडघे टेकले आणि फिक्या जागेवरून बोट फिरवलं.

“काय लावलंस?”

अकगोजेलने राखेच्या मडक्याकडे बोट दाखवलं आणि डोळे मिटून घेतले. आता थप्पड बसणार, मग गाठोडं बांधायला सांगणार. पण थप्पड बसली नाही. तिने डोळे उघडले, तेव्हा सासू परातीतल्या लाल पाण्याकडे बघत होती. चेहरा पांढराफटक पडला होता.

“मंजिष्ठ गेली नसती,” ओगुलनाबात म्हणाली.

मग कुठे अकगोजेलच्या डोक्यात उजेड पडला.

“त्या वर्षी नदीला पूर होता. मुळं मिळेनात, आणि माग तर मांडून बसलेले. बाजारात तयार रंगाची पुडी मिळत होती.” सासूचा आवाज अगदी खाली आला. “तीस वर्षं झाली. तुझ्या सासऱ्यांनाही ठाऊक नाही. आज येतायत ते रंगाऱ्यांचं घर आहे, सूनबाई. या गालिच्याच्या नावावर मागितलंय त्यांनी माझ्या पोरीला.”

फाटकाशी गाडी थांबली. बायकांचे आवाज आले.

“पाणी फेक,” ओगुलनाबात म्हणाली. “आणि इथे बस. या जागेवर. घर पेटलं तरी उठायचं नाही.”

मुलाकडच्या बायका आल्या, त्यांत पुढे मुलाची आजी, तुवाक. जेवणाचं दस्तरखान पसरलं गेलं, रोट्या मोडल्या गेल्या. सून उठून वाढत का नाही, म्हणून दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिलं. अकगोजेलच्या घागऱ्यातून ओल गुडघ्यापर्यंत चढली होती. कापडाला लाल लागलं असेल का, हा एकच विचार तिच्या डोक्यात घोळत होता.

तुवाक आजीने गालिच्यावर हात फिरवला. “असा लाल आता कुठे दिसतो. मंजिष्ठच ना गं?”

“हो तर,” ओगुलनाबात म्हणाली. तिच्या हातातल्या चहादाणीचं झाकण खडखडलं.

म्हातारीच्या नजरेतून ते सुटलं नाही. “तुला काय विचारायचं? विणणारी आपलीच टिमकी वाजवणार. तुझ्या सुनेला विचारते, तिचं माहेर विणकरांचं आहे. काय गं पोरी, मंजिष्ठच ना?”

जेमालचे डोळे पाण्याने भरले होते. ओगुलनाबात सुनेकडे पाहत होती. माराला भ्यालेलं माणूस जसं हाताकडे बघतं, तशी.

अकगोजेलला भीती वाटत होती, म्हातारीची, आणि सासूच्या त्या नजरेची त्याहून जास्त. तिने मान हलवली. एकदा, आणि पुरेसं वाटलं नाही म्हणून पुन्हा.

“झालं तर मग,” तुवाक आजी सैलावली. “तोंडात ओढणी धरलेली पोर कशाला खोटं बोलेल?”

सोयरीक पक्की झाली. बायका गेल्यावर ओगुलनाबातने पेटीतून नवी हिरवी ओढणी काढली, सुनेच्या खांद्यावर घातली आणि तिच्या दातांतलं जुनं टोक हळूच सोडवलं.

“आजपासून बोल माझ्याशी,” ती म्हणाली. रीतीचेच शब्द होते, पण आवाज थरथरत होता.

अकगोजेलने चार महिने किती काय साठवून ठेवलं होतं. आईची आठवण येते, पहाटे डोकं दुखतं, घागर जड होते. आता त्यातलं काहीच ओठांवर येईना. सासू श्वास धरून तिच्या तोंडाकडे पाहत होती.

अकगोजेलने नव्या ओढणीचं टोक उचललं आणि आपणहून दातांत धरलं. तेव्हा कुठे ओगुलनाबातने श्वास सोडला.